दाणीवर उतरण्याआधी

यंदा संपादकांनी आडवळण न घेता विचारलं, "डॉक्टर, धान घरात आलं की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू होतील. कोणत्या जोड्यांवर नजर ठेवावी, ते आमच्या वाचकांना सांगा." प्रश्न रास्त आहे. पटाच्या दिवशी मंडपाच्या मागे, बैल बांधलेल्या झाडांखाली माझी सकाळ जाते. प्रत्येक जोडी दाणीवर, म्हणजे पटाच्या धावपट्टीवर, उतरण्याआधी माझ्या हाताखालून जाते. तेव्हा कोण जिंकेल याचा अंदाज मला येत असणार, असं लोक धरून चालतात. थोडाफार येतोही. पण मी बैलाकडे पाहतो ते कोण पहिला येईल हे ठरवायला नाही, कोणी आज धावू नये हे ठरवायला. या दोन नजरांत फरक आहे, आणि तो लोकांना पटवताना घसा कोरडा पडतो.

पशुवैद्य म्हणून माझं काम गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, प्राणहितेच्या काठानं चालतं. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की पुढे प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पलीकडच्या तीरावर तेलंगणातला बेज्जूरचा जंगलपट्टा. पूर्वी तो आदिलाबाद जिल्ह्यात होता, २०१६ पासून कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो. सिरपूर-बेज्जूरकडे मराठी बोलणारी घरं बरीच आहेत, सोयरीक दोन्ही तीरांवर आहे, आणि गुडेमचा पूल झाल्यापासून बैलही सहज इकडे येतात. पटाची परवानगी मात्र इकडेच. केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती करून अशा खेळांना वाट करून दिली ती तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्रानं. म्हणून आमच्याकडे पट भरला की पलीकडची जोडीही गाडीत चढते.

आता जोड्यांकडे वळू. वर्ध्याकडून येणारी पांढरीशुभ्र गवळाऊ जोडी ओळखायला कठीण नाही. लांबट डोकं, हलकं अंग, सडपातळ पाय. मराठ्यांच्या फौजांचं सामान झपाट्यानं हलवायला हा बैल कामी आला, असं या जातीबद्दल सांगतात. झेंडी पडताच उसळी घेण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. सोलापूर-सांगलीकडून विकत आणलेला खिलार त्याहून तापट. वेग भरपूर, पण अनोळखी गर्दीत आणि अनोळखी धुरकऱ्यासमोर, म्हणजे हाकणाऱ्यासमोर, तो बिथरतो, आणि बिथरलेला बैल दाण सोडतो. पलीकडच्या तीरावरून येणाऱ्या जोड्यांत बऱ्याचदा ओंगोल रक्त दिसतं. छाती रुंद, ओढ जबर, सुरुवात जड. आणि आमचा कठाणी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया इथल्या धानाच्या बांध्यांत पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवलेला लहानखुरा बैल. स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय नोंद अगदी अलीकडे झाली. पटाचे शौकीन त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मऊ जमिनीवर त्याचे खूर कसे रोवले जातात, ते मात्र पाहण्यासारखं असतं.

एक गोष्ट शौकिनांनी लक्षात ठेवावी. पटात बैल धावत नाही, जोडी धावते. जोडीतला जो हळू, त्याचाच वेग जोडीचा. एक बैल वाऱ्यासारखा आणि दुसरा बरा, असं असेल तर जू तिरकं होतं, छकडा एका अंगाला ओढला जातो आणि धुरकरी कितीही तरबेज असला तरी वेळ हातची जाते. म्हणून देखण्या बैलाकडे पाहून पैज मनात धरणारा माणूस बहुधा फसतो. मी आधी दुसऱ्या बैलाकडे पाहतो.

आणि काय पाहतो? दात पाहतो. आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेल्या गोऱ्ह्याची हाडं अजून पक्की झालेली नसतात. पहिले दोन कायमचे दात साधारण दोन वर्षांनंतर येतात, आठही पूर्ण व्हायला साडेचार-पाच वर्षं लागतात. मानेवर हात फिरवतो. खांदेसूज असेल तर जू ठेवताच कातडी थरथरते. तापमान १०१ ते १०२ अंशांच्या आसपास हवं. डाव्या कुशीवर मूठ टेकवून रवंथाच्या पोटाची हालचाल मोजतो, दोन मिनिटांत तीनेक वेळा ते घुसळलं पाहिजे. बैल रवंथ करत असेल तर अर्धी तपासणी तिथेच झाली, कारण घाबरलेला किंवा दुखणं सोसणारा बैल रवंथ करत नाही. मग त्याला कडक जमिनीवर चालवतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. पाठीला कमान आली असेल तर खुरांकडे पाहायचं. शेवटी चारही पायांचे खूर हातानं चाचपायचे. एक खूर बाकीच्या तिघांपेक्षा गरम लागला की माझा निर्णय जवळपास झालेला असतो.

इथे मला तो जुना वाद काढायलाच हवा, कारण तो अजून चावडीवरही होतो आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातही. बैल धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे का? केंद्र सरकारनं ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेनं बैलाला खेळात वापरायच्या प्राण्यांतून वगळलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्ही थांबवल्या, आणि बैलाची शरीररचना अशा धावण्यासाठी नाही, हा त्यामागच्या कारणांतला एक धागा होता. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, मुंबई उच्च न्यायालयानं शर्यती रोखून धरल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नियमांच्या चौकटीत परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. कायद्याचा प्रश्न मिटला. शरीराचा मात्र अजून नीट समजावून सांगितला गेलेला नाही.

घोडा एका बोटावर धावतो, बैल दोन बोटांवर. घोड्याचं जठर लहान, मोठ्या बैलाच्या रवंथाच्या पोटात शंभर लिटरच्या घरात ऐवज मावतो आणि तो फुफ्फुसांखालच्या पडद्यावर रेटा देतो. घोडा जोर लावतो तेव्हा त्याची प्लीहा आकसून तांबड्या पेशींचा राखीव साठा रक्तात सोडते. बैलाची प्लीहा त्याला इतकी साथ देत नाही. भरधाव घोड्याचा श्वास त्याच्या पावलांशी जुळलेला असतो. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच इंग्लंडात लिव्हरपूलजवळ एन्ट्री इथे ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत होते. १८३९ पासूनची ती शर्यत, जवळपास सात किलोमीटर आणि तीस अडथळे. तिथे बैल कोणी नेणार नाही.

पण विदर्भातला सेकंदाचा पट संपायला दहा सेकंदही लागत नाहीत. इतक्या थोड्या वेळात स्नायू आधीपासून साठवलेल्या ऊर्जेवर चालतात. श्वासाचा, प्लीहेचा, पोटाच्या कप्प्यांचा निकालाशी फारसा संबंध येत नाही. घोड्याशी केलेली तुलना लांब पल्ल्याला लागू पडते, दाणीला नाही. राज्याच्या नियमांनीही हजार मीटरच्या पलीकडे धाव नेऊ दिलेली नाही. तेव्हा 'बैल धावूच शकत नाही' म्हणणारे चूक आहेत, आणि 'बैल म्हणजे आमचा घोडाच' म्हणणारेही तेवढेच चूक आहेत. छोट्या धावेत बैलाचं नुकसान होतं ते छाती फुटून नव्हे. नुकसान होतं खुरात, सांध्यात, आणि सर्वांत जास्त थांबताना. वेगातली जोडी एकाएकी आवरली की सगळा भार पुढच्या पायांवर येतो. दाणीच्या टोकाला पुढे मोकळी, भुसभुशीत जमीन सोडलेली नसेल तर तो पट मला मान्य नाही, मग बक्षीस ट्रॅक्टरचं असो की मोटरसायकलचं. वर्तमानपत्रं जिंकलेल्या जोडीचा फोटो छापतात. जोडी थांबली कुठे आणि कशी, हे कोणी पाहत नाही.

तुतारीची आर, काठी, विजेचा झटका यांच्यावर नियमांनी बंदी आणली. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड कायद्यात आहे. आयोजकही आता सावध असतात, हे मी आनंदानं नोंदवतो. जखम डोळ्यांना दिसते, त्यामुळे ती पकडता येते. सुई दिसत नाही.

गेल्या हंगामातली एक सकाळ माझ्या मनातून जात नाही. बेज्जूरकडून एक जोडी आली होती. पांढरी, भरीव, दोन्ही बैल उंचीला सारखे. सराव पाहिलेले लोक तिलाच पहिला नंबर देत होते. उजव्या अंगाचा बैल माझ्यासमोर सरळ चालला. डोकं स्थिर, पाठ सरळ. पण त्याच्या मानेवर ताजी, बोटभर सूज होती आणि मागच्या डाव्या पायाचा बाहेरचा खूर गरम होता. मी मालकाला विचारलं. माणूस प्रामाणिक. त्यानं खिशातून माणसांच्या औषध दुकानातल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या रिकाम्या कुप्या काढून दाखवल्या. "पाय जरा धरला होता जी, रात्री सुई देल्ली. आता तं चांगला चालून रायला नं, मंग काहून अडवता?"

मी प्रमाणपत्र दिलं नाही. मंडपात आरडाओरडा झाला, डॉक्टरनं पट नासवला असं माझ्या तोंडावर म्हटलं गेलं. जोडी परत गेली. पंधरा दिवसांनी कळलं की बैल नांगराला जुंपला आहे आणि नीट चालतो. मग तो दाणीवरही नीट धावला असता का? दुखणं खरंच लहान होतं का? याचं उत्तर मिळायला वेदना जागी असावी लागते. ती झोपवल्यावर बैल, मालक आणि मी तिघेही आंधळे होतो. दुखरा पाय बैलाला सांगतो की भार टाकू नकोस. ते सांगणं बंद केलं की तो पूर्ण जोरानं भार टाकतो, आणि भेगाळलेलं हाड मोडायला एक धाव पुरते. अशा बैलाला रोखल्याचं मला दुःख नाही. माझ्या हाताच्या तळव्याखेरीज दुसरा पुरावा माझ्याकडे नव्हता, याचं आहे.

त्या कुप्यांचा दुसरा अर्थ पलीकडच्या जंगलात आहे. बेज्जूरच्या रानात, प्राणहितेच्या परिसरात पालरापूचा कडा आहे. लांब चोचीच्या गिधाडांच्या घरट्यांसाठी तो ओळखला जातो. ही गिधाडं नदी ओलांडून आमच्या बाजूलाही अन्न शोधत येतात, त्यांना राज्याची सीमा नाही. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर लवकरच मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासानं हे सिद्ध केलं, २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवांहून अधिक संपली होती. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये तीन मिलिलिटरहून मोठी कुपी बंद झाली. बैलाचा डोस भरायला तशा चार-पाच कुप्या फोडाव्या लागतात. त्या मालकाच्या खिशात म्हणूनच एक नव्हे, अनेक होत्या.

इथे मला चोख बोललं पाहिजे. पटाचा बैल सहसा त्या आठवड्यात मरत नाही, आणि औषध काही दिवसांत त्याच्या अंगातून निघून जातं. म्हणजे पटाच्या सुईनं थेट गिधाड मेलं, असं मी म्हणणार नाही. पण पटासाठी घरात आलेली कुपी घरातच राहते. पुढे म्हातारी गाय बसली, उठेना, की तीच कुपी फोडली जाते, आणि ती गाय मात्र दोन दिवसांत रानाच्या कडेला टाकली जाते. गिधाडं नाहीशी व्हायला शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावर विषारी असणं पुरेसं होतं, असं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं आहे. वेदनाशामक द्यायचंच तर मेलॉक्सिकॅम आहे, ते गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे. मात्र तेही दुखणं झाकतं. गिधाडाला सुरक्षित असलेली सुई पटाच्या बैलाला सुरक्षित होत नाही. औषध द्या, विश्रांती द्या, आणि त्या हंगामात त्याला दाणीवर आणू नका.

एन्ट्रीला शर्यतीआधी प्रत्येक घोड्याची पशुवैद्यकीय तपासणी होते. तिथले अपघात पाहून २०२४ पासून घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली. घोड्यांच्या शर्यतींत उत्तेजकांसाठी नमुने घेतले जातात, आपल्या देशातही घेतले जातात. मी ज्या पटांवर उभा राहिलो, तिथे बैलाच्या रक्ताचा थेंब कोणी घेतलेला पाहिला नाही. लाखांची बक्षिसं लावणाऱ्या मंडळांना एवढा खर्च झेपणार नाही, हे मी मानत नाही.

तर येत्या हंगामाचा माझा कौल असा. कोरड्या, कडक दाणीवर गवळाऊ. पाऊस उशिरापर्यंत राहून जमीन ओली असेल तिथे कठाणी, आणि हे ऐकून जे हसतील त्यांनी खुशाल पाहायला यावं. खिलार घेतलेल्यांनी बैल निदान एक पावसाळा आपल्या गोठ्यात ठेवून मग जुंपावा. पलीकडच्या तीरावरच्या जोडीला मी यंदाही वरचं स्थान देतो, तिचे दोन्ही बैल सुईविना आले तर. आणि मंडळांकडे माझी एकच मागणी आहे. जोडीची नोंद घेताना बैलाचं नाव, दात आणि मालकाचं गाव लिहिता, त्याच ओळीत गेल्या पंधरा दिवसांत दिलेलं प्रत्येक औषध लिहा आणि खाली मालकाची सही घ्या. पहिल्या तीन जोड्यांच्या रक्ताचे नमुने घ्या. बक्षीस अहवाल आल्यावर द्या.