शीटमध्ये नसलेला कॉलम

२०२१. वर्क फ्रॉम होम. पुण्यातली खोली सोडून मी कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी आलो होतो. दिवसभर मीटिंगा, आणि मधल्या वेळात यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातल्या गुरांचे व्हिडिओ. तिथलं अ‍ॅना क्रीक हे एकच कुरण आख्ख्या लातूर जिल्ह्याच्या दुपटीहून मोठं. हजारो गुरं, कानात टॅग, प्रत्येकाचा हिशोब. आमच्या दावणीला जनावरं सहा. म्हटलं, सहांचा हिशोब तर एका एक्सेल शीटमध्ये बसेल.

बसला. दूध, पेंड, डॉक्टर, दोन वेतांतलं अंतर. महिन्याभरात शीटनं निकाल दिला: दोन लाल कंधारी गायी तोट्यात. दिवसाला दोन-तीन लिटर दूध. त्यांच्या जागी एक संकरित एचएफ आणली तर दहा-बारा लिटर.

अण्णा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे जे लिहायलास, त्यात पाणी कुठंय?"

"पाण्याला कुठं पैसे पडतात, अण्णा?"

हे मी बोललो. मी, जो २०१६ साली लातुरात शिकत होतो. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगनमध्ये पाच लाख लिटर, तेव्हा आमच्या रूमवर आठवड्यातून एकदा घागरी भरायचो.

अण्णा गप्प बसले. पोरगा इंजिनिअर होता. दोन्ही गायी बाजारात गेल्या.

दोन वर्षं शीट हिरवीगार. मग २०२३चा ऑगस्ट कोरडा गेला. उन्हाळ्यात विहीर आटली, गावात टँकर सुरू झाला. एचएफला नुसतं प्यायलाच दिवसाला शंभरेक लिटर लागायचं. ज्वारी सोडून आम्ही कधीच सोयाबीनवर गेलो होतो, त्यामुळे घरचा कडबाही नव्हता. गाय आटली, गाभण राहीना. शेवटी निम्म्याहून कमी किमतीत गेली. शेजारच्यांची लाल कंधारी त्याच उन्हाळ्यात वाळलं धाटं खाऊन व्याली.

मी ते जुने व्हिडिओ पुन्हा लावले. तिथले लोक गायीबद्दल बोलायच्या आधी पाण्याबद्दल बोलत होते. कुठल्या पाणवठ्यावर किती गुरं निभतील, हे आधी. पाऊस हुकला तर गुरांच्या अंगावर मांस आहे तोवरच विकून कळप कमी करायचा. हे सगळं पहिल्या वेळीही होतं. मी हेलिकॉप्टर बघत बसलो होतो.

आता शीटचा पहिला कॉलम पाण्याचा आहे. दिवाळीत विहिरीत किती हात पाणी, घरात किती पेंढ्या कडबा, आणि मग जनावरं किती. कमी करायची असतील तर तेव्हाच, चैत्रात पडेल भावानं नाही. दोन एकर ज्वारी परत पेरलीय. एक लाल कंधारी कालवड आणलीय.

अण्णा विहिरीत दोरी सोडून पाणी मोजतात आणि मला फोनवर आकडा सांगतात. गेल्या आठवड्यात आकडा सांगून झाल्यावर विचारत होते, "आपल्या त्या दोघी कोणत्या गावाला गेल्या, ते हाय का रे त्यात?"

नाही. विक्रीची तारीख आहे, रक्कम आहे.