अळिंबीतील अळीची ओळख

अळिंबीचा देठ उभा चिरल्यावर आतल्या बोगद्यांत पांढुरक्या, बिनपायाच्या अळ्या वळवळताना दिसल्या, की त्या सगळ्यांना बुरशीमाशीच्या अळ्या मानण्याचा मोह होतो. परंतु एकाच देठात अनेक कुळांचे कीटक एकत्र वाढत असू शकतात, म्हणून निदानाचा आरंभ भिंगाखाली अळीचे डोके तपासण्यापासून होतो.

लागवडीच्या खोल्यांत उपद्रव करणारे सियारिडी आणि रानातील अळिंबीत विपुल आढळणारे मायसेटोफिलिडी ही बुरशीमाशांची दोन प्रमुख कुळे असून, त्यांच्या अळ्यांना काळे किंवा तपकिरी, चकचकीत शीर्षसंपुट, म्हणजे डोक्याभोवतीचे अखंड कठीण कवच असते. फोरिडी कुळातील मेगासेलिया माशीची अळी मात्र पुढच्या टोकाला निमुळती होत जाते आणि तिला असे कवच नसते. सेसिडोमायिडी कुळातील हेटरोपेझा पिग्मिया या जातीची अळी याहून लहान असून, प्रौढ न होताच आपल्या शरीरात नव्या अळ्या वाढवते, त्यामुळे तिचा प्रसार फार वेगाने होतो. छातीवर पायांच्या तीन जोड्या दिसल्यास ती माशीची अळी नव्हेच. बहुधा ती भुंगेऱ्याची असते.

या खुणांवरून कुळ ठरवता येते, परंतु जाती ठरवण्यासाठी सहसा प्रौढ नर लागतो, कारण जातींमधील निर्णायक भेद त्याच्या जननांगांच्या रचनेत असतात. म्हणून काही अळ्या गरम पाण्यात मारून सुमारे 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये जतन कराव्यात, आणि उरलेल्या अळ्या अळिंबीच्या तुकड्यासह ओलसर वाळूवर, मलमलीने तोंड बांधलेल्या बरणीत कोषातून माशी बाहेर येईपर्यंत वाढवाव्यात. त्या माशीचे दोन्ही संयुक्त डोळे शृंगिकांच्या वर अरुंद पट्टीने जोडलेले असतील, तर ती सियारिडी कुळातील असल्याची शक्यता दृढ होते. मायसेटोफिलिडींत असा नेत्रसेतू नसतो.

बरणीवरील चिठ्ठीत स्थळ आणि दिनांकाबरोबर अळिंबीचेही नाव असणे अगत्याचे आहे, कारण कोणती माशी कोणत्या बुरशीवर वाढते हे ज्ञान अशाच नोंदींतून साकारते, आणि आश्रयदात्या बुरशीची नोंद नसलेला नमुना आपल्या माहितीचा मोठा भाग गमावून बसतो. अळीवरून कुळाचेच नाव निश्चित होत असेल, तर तेवढेच लिहून थांबणे हाही या विद्येतील काटेकोरपणाच होय. अंदाजाने लिहिलेले जातीचे नाव पुढच्या अभ्यासकाला चुकीच्या वाटेने नेते, तर प्रामाणिकपणे नोंदवलेले कुळ त्याला पुढचा शोध घेण्यास मोकळे ठेवते.