पहिली वेलांटी उजवीकडे!

दुसरीसाठी जोडाक्षरांचे चित्रतक्ते करते आहे. चित्र कापणं, रंग बदलणं, सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये झकास होतं. पण ‘विद्यार्थी’ टाइप केलं की पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे, रफार गायब, ‘द’ आणि ‘र’ पाय मोडून उभे! फॉन्ट बदलूनही तेच. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्यात आधी ‘व’ साठवतात, मग वेलांटी. ती डावीकडे दाखवणं हे सॉफ्टवेअरचं काम. नेमकी तीच सोय नाही. आपण मोठे असं अक्षर सावरून वाचतो हो, पण सात वर्षांचं मूल तेच गिरवणार! म्हणून शब्द दुसरीकडे टाइप करून त्याचं चित्र चिकटवते. एक काना बदलायचा तरी पुन्हा पहिल्यापासून. कुणाला सोपा उपाय सापडलाय का? सोमवारी तक्ता भिंतीवर हवाय.