शिल्लक रजा ११

बाबांची वही पंजात मावेल एवढी. लाल रेक्झिनचं कव्हर, आत आखीव पानं आणि पानापानावर शिसपेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी. असे चार जुडगे झाले की शेजारी एक गोल. वीस दिवस भरले, एक रजा जमा. आम्हा भावंडांना ते गोल मोजायला फार आवडायचं, कारण गोल वाढले की गाव जवळ यायचं.

बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. आम्ही राहायचो ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत. रस्त्याचं हे नाव पत्त्यावर लिहायचं, तोंडात मात्र डिलाईल रोडच. पहिली काही वर्षं बाबा बदली कामगार होते. पाळी सुरू व्हायच्या आधी बदली कार्ड घेऊन खात्यात हजर व्हायचं. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं, सगळे आले तर डबा तसाच घरी परत. कायम झाल्यावर मग रजेचा हिशेब सुरू झाला. कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळायची. हा नियम बाबांना पाठ होता. गिरणीच्या रजिस्टरात नोंद असायचीच, तरी ते घरी वही लिहायचे. रातपाळी करून आले की आधी चहा, मग रेघ, मग झोप.

रजा म्हणजे गणपती. आमच्याकडच्या चाकरमान्याला सुट्टीसाठी दुसरं कुठलं ठिकाण माहीतच नव्हतं. कोकणातल्या बांद्याजवळच्या आमच्या गावाला जायचं तर एसटीने अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. पनवेल, वडखळ, महाड, मग कशेडीचा घाट. त्या प्रवासासाठी नुसती रजा पुरायची नाही, रोख पैसा लागायचा, आणि तो यायचा भिशीतून.

भिशीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ती बसायची आमच्याच खोलीत. बाबा लग्नाआधी ज्या गावकरी मंडळाच्या खोलीत राहायचे, तिथलेच वीस जण. त्या एका खोलीत पाळ्यांप्रमाणे माणसं झोपायची. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. भिंतीला ओळीने पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकाची एक. एकमेकांच्या घामाचा वास ओळखणारी ही माणसं पगार झाला की महिन्यातून एकदा आमच्याकडे जमायची. प्रत्येकी दहा रुपये सतरंजीवर ठेवायचे. एरवी चिठ्ठी टाकून नंबर काढायचा, पण श्रावणातल्या भिशीला चिठ्ठी नसायची. ती कोणाला द्यायची हे बोलून ठरायचं. कोणाच्या घराचं छप्पर पावसाने बसलंय, कोणाच्या बहिणीचं लग्न आहे, कोणाचा खानावळीचा हिशेब दोन महिने थकलाय. कधी आवाज चढायचे. एकदा एक काका रागाने उठून गेले आणि चौथ्या दिवशी स्वतःच दहा रुपये घेऊन दारात उभे राहिले. आई आतून कान देऊन ऐकायची आणि शेवटी चहाबरोबर आपलं मत द्यायची. ते बहुतेक वेळा मान्य व्हायचं.

खानावळवाल्या बायकासुद्धा महिनाभर उधारीवर जेवायला घालायच्या आणि पगाराला हिशेब घ्यायच्या. महिनाभराची ही बिनव्याजी सवलत होती, आणि ती देणारीच्या स्वतःच्या घरात बऱ्याचदा वाण्याची उधारी असायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या मानेवरचा सावकार उतरला. ज्याला भिशी नव्हती आणि मंडळ नव्हतं, त्याला गिरणीच्या फाटकाबाहेर उभा असलेला पठाण होता. त्याचा जुना दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के.

आज माझी लेक त्याच लोअर परळमध्ये नोकरी करते. गिरणीच्या जुन्या आवारात काचेची इमारत आहे, तिथे नवव्या मजल्यावर तिचं ऑफिस. खाली उतरली की चहाच्या टपरीवर तिचा चार-पाच जणांचा घोळका जमतो आणि बोलणं असतं पॉइंटचं. कुठल्या कार्डावर किती मिळतात, कोणते कधी संपतात, कुठल्या विमान कंपनीकडे वळवले की जास्त पदरात पडतं. त्यातला एक मुलगा माइल्सवर लंडनला जाऊन आला, तोही बिझनेस क्लासने. तो किस्सा सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की मला श्रावणातली भिशी लागलेल्या माणसाची आठवण झाली.

मी लेकीकडून हे सगळं नीट समजून घेतलं. तिच्या कार्डावर दीडशे रुपये खर्चले की चार पॉइंट मिळतात. हा पॉइंट बिलातून वळता केला तर वीस पैशांचा आणि विमानाच्या तिकिटाला लावला तर पन्नास पैशांचा. पॉइंट एकच, पण वापराल तशी किंमत. दुसरी वाट म्हणजे बँकेतले पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवून तिथे माइल्स करायचे आणि त्यांच्यावर सीट घ्यायची. लांबच्या प्रवासाला ही वाट फायद्याची. मात्र प्रत्येक विमानात अशा सीटा मोजक्या असतात आणि बऱ्याच कंपन्या त्या साधारण वर्षभर आधी खुल्या करतात. कर आणि इतर आकार रोखच भरावे लागतात. एकदा वळवलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. हे ती ठेच लागून शिकली. दोन वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीच्या विमानात सीट दिसत होती म्हणून तिने सगळे पॉइंट तिकडे पाठवले. ते पोचायला दोन दिवस लागले आणि तेवढ्यात सीट गेली. त्या रात्री ती जेवली नाही. मला तिची समजूत काढता आली नाही, कारण साठवलेलं अडकून पडतं तेव्हा काय होतं ते मी घरात पाहिलेलं होतं.

एका गोष्टीत मात्र मला तिचा अभिमान वाटतो. बिल ती तारखेच्या आत पूर्ण भरते. थकवलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि मग कुठले पॉइंट आणि कुठलं विमान. पठाणाची गोष्ट मी तिला लहानपणीच सांगून ठेवली होती.

पॉइंटच्या या धंद्याचा आणि आमच्या वस्तीचा संबंध केवळ नोकरीपुरता नाही. एचडीएफसी बँकेचं मुख्यालय लोअर परळलाच, सेनापती बापट मार्गावर आहे. ॲक्सिस बँकेचं शेजारी वरळीला, बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारात. पॉइंट जमवणाऱ्यांच्या बोलण्यात ही दोन्ही नावं हटकून येतात. फिनिक्सची चिमणी मॉलच्या मधोमध अजून उभी आहे आणि तिच्याभोवती कार्डं घासली जातात. ज्या जागेवर बाबांच्या पिढीने दिवस जमवले, त्याच जागेवर आता पॉइंट जमतात.

यातल्या तारखा मी एकदा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. १९८० साली सेंट्रल बँकेने आपलं क्रेडिट कार्ड काढलं. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांना मैलांच्या हिशेबात बक्षीस द्यायची मोठी योजना सुरू केली. तो दिवस होता १ मे, कामगार दिनाचा. त्या दिवशी बाबा बहुधा लाल बावट्याच्या मोर्चात असतील. आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही.

वहीतल्या रेघा त्या जानेवारीतच थांबतात. शेवटच्या पानाच्या तळाशी बाबांच्या अक्षरात लिहिलंय: शिल्लक रजा ११.

जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, तेव्हा लेकीच्या मित्रांनी डोक्याला हात लावले होते. पण माइल्सची योजना चालवणारी कंपनी वेगळी होती. त्याच वर्षी तिने इंटरमाइल्स असं नाव घेतलं आणि लोकांचे माइल्स खात्यात राहिले. विमानं गेली, पॉइंट उरले. हे ऐकताना माझ्या पोटात कालवाकालव झाली. बाबांचे अकरा दिवस असे कोणी सांभाळून ठेवले असते तर?

थोडं सांभाळलं गेलंही, नाही असं नाही. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरं बांधायचं ठरलं, तेव्हा जुनी नोकरी सिद्ध करायला कागद मागितले गेले. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, ईएसआयसीचं कार्ड. दीड लाखाहून जास्त अर्ज आले. २८ जून २०१२ ला ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची निघाली. बाबा तोवर गेले होते. आईने पेटी उपसून एकेक कागद इस्त्री केल्यासारखा हाताने सपाट केला आणि फाइलला लावला. वही कुठल्याच पुराव्यात बसत नव्हती. ती पुन्हा पेटीत गेली.

चाळीचा पुनर्विकास सुरू झाला आणि आम्हाला संक्रमण शिबिरात हलायचं होतं, तेव्हा सामान बांधताना ती लेकीच्या हाती लागली. तिने तिथेच गादीच्या गुंडाळीवर बसून पानं उलटली. पॉइंटचा हिशेब ठेवणाऱ्या त्या पोरीला रेघांचा आणि गोलांचा अर्थ कोणी सांगावा लागला नाही. मग तिने आकडेमोड केली. आजोबांना वीस दिवसांमागे एक, म्हणजे शंभरामागे पाच. तिला सहा हजारांच्या तिकिटाला बारा हजार पॉइंट लागतात आणि तेवढे जमायला साडेचार लाख रुपये खर्चावे लागतात, म्हणजे शंभरामागे सव्वापेक्षा थोडं जास्त. “आजोबांचा रेट भारी होता,” ती म्हणाली आणि गप्प झाली.

तो रेट कोणी खुशीने दिला नव्हता. त्यामागे कायदा होता आणि कायद्यामागे भांडलेली माणसं होती. पॉइंटचा दर बँक एका ईमेलने बदलते. काही वर्षांपूर्वी कार्डाने घरभाडं भरून पॉइंट मिळायचे, मग कित्येक बँकांनी त्यावर एक टक्का आकार लावला आणि पॉइंटही काढून घेतले. टपरीवरच्या पोरांनी दोन दिवस हळहळ केली आणि नवी वाट शोधली. हुशार पोरं आहेत. पण सगळे एकत्र बसून दर ठरवतायत, असं दृश्य त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. माझा जीव अडकलाय तो त्या सतरंजीत, जिथे वीस माणसं आपल्या पैशाचं काय करायचं ते आपणच ठरवत होती.

गेल्या वर्षी आईने गणपतीला गावी जायचं मनात घेतलं. वय ८४, गुडघे गेलेले. कोकण रेल्वेचं आरक्षण उघडताक्षणी भरतं. चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, तेव्हा केवढा आनंद झाला होता, पण तिथली विमानसेवा मध्येमध्ये खंडित होत राहिली. गोव्यातल्या मोपाचं विमान मात्र जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि मोपाहून बांदा हाकेच्या अंतरावर. लेकीने तिघींची तिकिटं पॉइंटवर काढली आणि आजीला फोनवर दाखवली.

“पैसे खंयसून ईले?” आईने विचारलं.

लेकीने पॉइंट म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. खर्च केला की थोडे जमा होतात, ते साठवायचे, संपायच्या आत वापरायचे. आईने तिला अर्ध्यावरच थांबवलं. “म्हणजे तुझ्या आजोबाची रजाच गो ही.”

मग तिने शेजारच्या काकींचं नाव काढलं. काकींचे यजमान बाबांच्याच खात्यात होते, त्याही तीन वर्षं गावाला गेलेल्या नव्हत्या. लेकीने शिल्लक पाहिली. चौथं तिकीट बसत होतं, थोडे पैसे वर घालून. काकी दुसऱ्या दिवशी सकाळी रुमालात बांधून तीन हजार रुपये घेऊन आल्या. लेक घेईना. काकी मागे घेईनात. शेवटी आईनेच निकाल दिला. “घे, आणि लिहून ठेव. उद्या दुसऱ्या कोणाक लागतले.”

लेकीने आजोबांची वही काढली. शिल्लक रजा ११ च्या पुढचं पान कोरं होतं. पेन्सिल शोधायला तिला जरा वेळ लागला. तिने तारीख घातली, काकींचं नाव लिहिलं आणि पुढे ३,०००. काकींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मग चहाला बसल्या.