नव्याच्या सणाचा हलवा

अलिबागला येणारे बहुतेक लोक किनारा आणि कुलाबा किल्ला पाहून परततात. आम्ही पेणहून एस.टी.ने उतरलो ते थेट इस्रायल आळीत गेलो. तिथे मागेन आबोथ हे बेने इस्रायल यहुद्यांचे प्रार्थनास्थळ आहे. या लोकांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असे ते सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावे पाहा: दिवेकर, पेणकर, नवगावकर. बोली आपलीच मराठी. मुंबईत सॅम्युअल दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधलेल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनास्थळाला तर ते जुनी मशीदच म्हणत.

ज्यांच्या घरी आम्ही गेलो त्या आजी सत्तरीच्या पुढच्या. रोश हशाना, म्हणजे त्यांचा नव्याचा सण, चार दिवसांवर आला होता. अंगणात पातेल्यात गहू भिजत होते.

"कुरडया का, आजी?" आमच्यातल्या एकीने विचारले.

"चीक तोच गं, पण हलव्याचा."

गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, वाटून फडक्यातून गाळायचे. खाली बसलेला पांढरा चीक, नारळाचे दूध आणि साखर एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहायचे. किती वेळ? "हात भरून येईपर्यंत," आजी म्हणाल्या. मिश्रण कढईची कड सोडू लागले की वेलची घालून थाळीत ओतायचे, वरून बदाम-पिस्ते, आणि गार झाल्यावर शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या. तूप नाही, दूध नाही. तौरातच्या हुकुमानुसार मांसाच्या जेवणात दुधाचे काही चालत नाही. सणाला घरात मटण असतेच, म्हणून गोडात नारळाचे दूध. कोकणात नारळाला तोटा नाही, त्यामुळे शरीअतही पाळली गेली आणि चवही साधली.

मलिद्याचे नाव निघाले तेव्हा आम्हाला गंमत वाटली. आपल्याकडे नियाजचा मलिदा पोळी कुस्करून गूळ-तुपात करतात. त्यांचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, त्यात ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळे. हा मलिदा ते एलियाहू हन्नबींच्या नावाने करतात. हे म्हणजे कुरआनात सूरह साफ्फातमध्ये ज्यांचा जिक्र आहे ते हजरत इलियास (अलैहिस्सलाम). अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी या लोकांची श्रद्धा आहे. लग्न ठरले, मूल झाले, नवस फिटला की मलिदा ठरलेला. आपल्या अकीद्याप्रमाणे नवस फक्त अल्लाहचा, हा फरक आहेच. पण अहले किताबचे अन्न आपल्याला हलाल असल्याचे सूरह माइदामध्ये स्पष्ट आहे, म्हणून हलव्याची वडी पुढे आली तेव्हा कुणी आढेवेढे घेतले नाहीत. ती मागच्या आठवड्यात चाखायला म्हणून केलेल्या हलव्यातली होती. मऊ, थोडी चिवट, दुकानातल्या हलव्यापेक्षा कमी गोड. मुलांनी दुसरी मागून घेतली (आम्ही डोळे वटारले, उपयोग झाला नाही).

1948 नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली. आजींची दोन्ही मुले तिकडेच आहेत. सुना हलवा करतात, पण कॉर्नफ्लोअरचा.

"अर्ध्या तासात होतो म्हणे," आजी हसल्या. "होईना का. साबणासारखा लागतो."

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. सणाला ते मुंबईहून येतात, तेव्हा जमतात. एरवी आजी दिवा लावतात आणि घरीच प्रार्थना करतात. चीक गाळायला मात्र शेजारची धाकटी बहीण येते, कारण ओले फडके एकटीला पिळवत नाही.

निघताना त्यांनी स्टीलच्या डब्यात वड्या भरून दिल्या. डबा परत आणायच्या बोलीवर.

"खिरीच्या सणाला या," त्या म्हणाल्या. "नव्याच्या सणानंतर लगेच असतो. नारळाच्या दुधाची खीर करू."

"आणि हलवा, आजी?"

"हलवा पुढच्या वर्षी बघू. बहीण दिवाळीनंतर लेकाकडे चालली आहे, कायमची."