छावणीच्या बराकींतून नागसेनवनात

बीड जिल्ह्यातील नेकनूरहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जावयाचे तर मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड गाठावे, पुढे गेवराई मागे टाकावी आणि शहागडापाशी गोदामाईस वंदन करून पलतीरास लागावे. आज ही वाट काही तासांची आहे. निजामी अमदानीत मात्र विद्येच्या दृष्टीने ती फार लांबची होती. 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. औरंगाबादेस 1923 पासून इंटरमीजिएट कॉलेज होते खरे; परंतु पुढील शिक्षणाकरिता मुलखाबाहेर पडावे लागे. ज्या घरी चार बिघे जमीन व पुण्यास एखादा आप्त, त्या घरचा मुलगा कसाबसा शिके. ज्यास गावाच्या शाळेतच आत बसू देत नसत, त्याने कोठे जावे?

या प्रश्नाचे एक उत्तर आम्ही औरंगाबादेस पाहिले. शहराच्या पश्चिमेस, खाम नदीपलीकडे, हैदराबाद कंटिंजंटच्या काळापासूनची लष्करी छावणी आहे. मराठवाडा सप्टेंबर 1948 मध्ये मुक्त झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या मागास मुलखात कॉलेज काढण्याचे मनावर घेतले. 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली होती व 1946 साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज चालू केले होते. औरंगाबादचे कॉलेज जून 1950 मध्ये सुरू झाले, ते छावणीतील जुन्या बराकींत. जेथे शिपायांचे बिछाने असत तेथे बाके मांडली गेली! त्याच वर्षी जानेवारीत भारताची राज्यघटना अमलात आली होती. घटनेने कागदावर दिलेली समता व्यवहारात आणावयाची तर प्रथम वर्ग भरला पाहिजे, हे घटनेच्या शिल्पकाराहून अधिक कोणास कळणार?

छावणी व शहर यांच्या मधल्या विस्तीर्ण माळावर कॉलेजची स्वतःची जागा झाली. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी संस्थेचा भार वाहिला, आणि बाबासाहेब दिल्लीहून येऊन बांधकामावर जातीने नजर ठेवीत. वसतिगृहे झाली, खेड्यापाड्यांतील गरीब मुलांस राहण्याजेवण्याची सोय झाली. पुढे याच आवारात शिकल्यासवरल्या मंडळींनी मराठी साहित्यात नवा प्रवाह आणला, हे वाचकांस विदितच आहे.

कॉलेजास नाव दिले मिलिंद आणि परिसरास नागसेनवन. हे दोन्ही शब्द विचारपूर्वक योजिलेले आहेत. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात भारताच्या वायव्य सरहद्दीवर त्याचे राज्य होते. वादात आपणास जिंकणारा कोणी नाही, असा त्याचा अभिमान. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथाप्रमाणे नागसेन भिक्षूने त्याच्या एकेका शंकेचे निरसन केले आणि राजाने ते मान्य केले. हा नागसेन ब्राह्मणकुळात जन्मला व वेद शिकला, परंतु तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही, असेही तोच ग्रंथ सांगतो. राजा परका आणि भिक्षू कुळाचा त्याग केलेला. दोघांच्या मध्ये उरला तो केवळ प्रश्न व त्याचे उत्तर. विद्यालयाचे याहून योग्य लक्षण आम्हांस सुचत नाही.

आपल्या घरांतून विद्या ही वडिलार्जित मिळकतीसारखी चालत आली. मुलाने पाटी घेतली याचे कोणास नवल वाटले नाही. ज्या विद्येचा आपण अभिमान बाळगतो, तिच्या दाराशी दुसऱ्यास शतकानुशतके तिष्ठत ठेविले, हे मात्र घरात क्वचितच बोलले जाते. ज्या मुलाच्या घराण्यात अक्षरओळख असलेला तोच पहिला, त्याने बराकीच्या छपराखाली इतिहास वा तर्कशास्त्र उघडले, तेव्हा त्याने किती अंतर तोडले असेल याचे माप मैलांत होणार नाही. सुटीत मुलाबाळांस वेरूळ दाखविण्यास नेणाऱ्या कुटुंबांनी एक सकाळ नागसेनवनासाठी राखावी आणि तेथील वृक्षांच्या छायेत मुलांस ही हकीकत सांगावी. लेण्यांइतकीच ती त्यांच्या ध्यानी राहील.