जालन्यातच का जमलं?

"पुण्याला गेल्याशिवाय करिअर होत नाही" हे आम्हा जालनेकरांचं बाळकडू. मीही गेलो, रमलोही. पण बद्रीनारायण बारवाले आठवले की विचारात पडतो. या माणसाने १९६४ मध्ये जालन्यातच महिको काढली आणि १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळवला!

इथेच कसं जमलं असेल? मला वाटतं, बियाण्याला कोरडी हवा मानवते, आणि वाण फसला तर तोंडावर सांगणारा शेतकरी इथे शेजारीच असतो.

आपलंही तेच की राव. एसी, फुकट कॉफी वगैरे ठीक आहे. पण आपला कोड वापरणारा माणूस कधी समोर दिसतो का? हातात दोन ऑफर आहेत. पगाराच्या आधी यावेळी हेच विचारणार. बघू...